निवेदनातला तिसरा मुद्दा

पोस्ट मोठी झालीय. तुरीची रास झाली असेल, हरभऱ्याला पाणी देऊन झालं असेल तर निवांत बसून वाचा. नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर.

मागच्या आठवड्यात आमच्या गावची पाच-सहा माणसं लोहाऱ्यात माझ्या ऑनलाईन सेंटरवर आली. "अधिवेशन सुरू व्हायच्या आत आमदारसाहेबाला निवेदन द्यायचंय. टाईप करून दे, पन्नास झेरॉक्स काढ." बारा वर्षं मी हेच काम करतोय. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, फार्मर आयडी, लाडक्या बहिणींची केवायसी आणि अधूनमधून निवेदन. निवेदनाचा साचा तर डोळे झाकून येतो. प्रति, मा. आमदार महोदय. विषय. महोदय, वरील विषयी विनंतीपूर्वक निवेदन सादर करण्यात येते की.

आधीच सांगतो, ही पोस्ट कुठल्या पक्षाची नाही. पंधरा वर्षं ज्ञानराज चौगुले आपले आमदार होते, २०२४ पासून प्रवीण स्वामी आहेत. मी दोघांच्याही नावानं निवेदनं टाईप केलीत. वरचं नाव बदलतं, खालचा मजकूर फार काही बदलत नाही, हे टाईप करणाऱ्याइतकं कुणालाच कळत नाही. कमेंटमध्ये कृपया एकमेकांचे झेंडे काढू नका.

पहिला मुद्दा खत-औषधावरच्या कराचा होता. त्यावर सगळ्यांचं एकमत. मलाही त्यात घरचं काहीतरी बोचत होतं. दिवाळीला पुण्याचा मावसभाऊ आला होता. चांगला माणूस आहे, आयटीत आहे. जेवताना म्हणाला, "तुमचं बरंय राव, तुम्हाला टॅक्सच नाही." मी तेव्हा काही बोललो नाही. रात्री खरीपाच्या पावत्या काढून बसलो.

माझी वडिलोपार्जित सव्वादोन एकर, वरून दोन एकर बटईनं. सगळं सोयाबीन. डीएपीची पिशवी १३५० रुपयांना. त्यात पाच टक्के जीएसटी आतच असतो, म्हणजे पिशवीमागं चौसष्ट रुपये. चार पिशव्या घेतल्या. (पिशवीबरोबर गळ्यात मारलेली बाटली वेगळी. त्याला आपल्याकडं लिंकिंग म्हणतात. कुठल्या दुकानात ते सांगत नाही, सगळीकडंच आहे.) तणनाशक, अळीचं औषध, बुरशीचं औषध मिळून बिल ९४४० रुपये. रासायनिक औषधांवर अठरा टक्के. म्हणजे आठ हजारांचं औषध आणि १४४० रुपये कर. दोन्ही मिळून सतराशेच्या आसपास, सव्वाचार एकराच्या एका हंगामाला. डिझेलचं तर विचारूच नका. ते जीएसटीत नाहीच, त्यावर दिल्लीचं उत्पादन शुल्क आणि मुंबईचा व्हॅट, दोन्ही बसतात.

आता कुणी म्हणेल, जीएसटी सगळेच भरतात. बरोबर. पण दुकानदार, कारखानदार आपण खरेदीवर भरलेला कर पुढं भरायच्या करातून वळता करून घेतो. शेतकरी जीएसटीच्या नोंदणीतच नाही, त्याच्या मालावर कर नाही, त्यामुळं त्यानं भरलेला कर वळता करायला जागाच नाही. तो त्याच्याच अंगावर राहतो. म्हणजे कर भरतो पण करदाता म्हणून कुठंच नाव नाही. पुण्याच्या भावाला फॉर्म सोळा मिळतो, मला खताची पावती मिळते आणि ती पावसात भिजते.

न्यायाचं बोलायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झाला, ठिबक-तुषारचाही झाला. चांगलं झालं. ज्याला ट्रॅक्टर घ्यायचाय त्याचे बरेच पैसे वाचले. मी ट्रॅक्टर भाड्यानं लावतो. माझ्या रोटाव्हेटरचा दर होता तेवढाच आहे. खत पाचवरच राहिलं, रासायनिक औषध अठरावरच.

आलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "जीएसटी दिल्लीचा. आमदार त्यात काय करणार?" हे मला पटत नाही, म्हणून इथं लिहितो. जीएसटीचे दर जीएसटी परिषद ठरवते. तिथं प्रत्येक राज्याचा मंत्री बसतो. मतांचं वजन असं, की केंद्राचं एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे दिल्ली एकटी काही करू शकत नाही. आपल्या राज्याचा मंत्री तिथं काय बोलला, औषधावरचे अठरा टक्के कमी करा म्हणाला की गप्प बसला, हे विधानसभेत उभं राहून विचारायचं काम आमदाराचंच. २०१७ साली खतावर बारा टक्के लागणार होते. ३० जूनला, लागू व्हायच्या आदल्या दिवशी, ते पाचवर आणले. ओरड झाली की दर हलतो, हे आपण पाहिलेलं आहे.

अजून एक कर आहे जो आपण भरत नाही पण आपल्याला लागतो. बाहेरून येणाऱ्या तेलावरचा. मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क वीसवरून दहा टक्के केलं. आपण तेव्हा बियाणं घेत होतो. त्याचा भावावर नेमका किती परिणाम झाला ते जाणकार सांगतील. मी एवढंच सांगतो, की हमीभाव ५३२८ होता आणि माझं सोयाबीन आडतीवर ४१०० नं गेलं. सप्टेंबरच्या पावसात भिजलेला माल, ओलावा बाराच्या वर, हमीभाव केंद्रावर कोण उभं करतो? सोळा क्विंटल झालं होतं. क्विंटलमागं बाराशे अठ्ठावीस धरा, साडेएकोणीस हजार गेले. ज्याला टॅक्स नाही त्याचे.

हे सगळं दोन ओळींत बसवून पहिला मुद्दा झाला.

दुसरा मुद्दा घरांचा. तो टाईप करताना माझा हात जरा थांबतो.

३० सप्टेंबर १९९३. मी आठ वर्षांचा होतो. तेव्हा आपला तालुका लोहारा नव्हता, आपण उमरग्यात होतो. गणपती बोळवून माणसं उशिरा घरी आलेली. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी माळवद खाली आलं. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं धाब्याचं ओझं. आजी आणि माझी धाकटी बहीण त्यात गेल्या. मला शेजारच्या अण्णांनी काढलं. हातांनी. त्यांच्या बोटांची नखं निघाली होती असं आई सांगायची. त्यांच्या घरातली तीन माणसं अजून आत होती, तरी आधी माझा आवाज आला म्हणून मला काढलं. सास्तूर, होळी, राजेगाव, पलीकडं औश्याकडं किल्लारी, लातूर आणि आपला जिल्हा मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. ते आकडे तुम्हाला पाठ आहेत, पुन्हा सांगत नाही.

नवी गावं वसली. पूर्ण उठवून दुसरीकडं नेलेली बावन्न गावं. जागतिक बँकेचा पैसा, रुंद रस्ते, एकसारखी घरं. घर जमिनीच्या हिशोबानं मिळालं. भूमिहीन आणि एक हेक्टरच्या आतला असेल तर अडीचशे चौरस फूट, एक ते सात हेक्टरला चारशे, त्याच्या वरच्याला साडेसातशे. आमच्या आजोबांची सव्वादोन एकर, म्हणजे हेक्टरला थोडी कमी. अडीचशे फूट आलं. आम्ही तीन भाऊ, आता घरात अकरा माणसं. पुढं पत्रे मारले, मागं पत्रे मारले. सरकारी भूकंपरोधक घर मध्ये आणि आम्ही त्याच्या भोवती पत्र्यात, असं झालंय.

आणि कबाला अजून आजोबांच्याच नावावर. आजोबा २००४ साली गेले. वारसनोंदीसाठी मी ज्या कार्यालयात गेलो तिथं सांगितलं, मूळ यादी दुसऱ्या कार्यालयात आहे. दुसऱ्यात सांगितलं, तालुका नवा झाला तेव्हा ती यादी पहिल्या कार्यालयाला दिली. रोज दुसऱ्यांचे वारसाचे फॉर्म भरणारा मी, माझ्या घराचा कागद मला मिळत नाही. यात कुणा एका साहेबाचा दोष नाही, पाच साहेब बदलले. पण कबाल्याशिवाय घरकुल नाही, बँकेचं कर्ज नाही, भावाभावात वाटणी नाही. नव्या गावातले निम्मे तंटे, मी तर म्हणेन, ह्या एका कागदाचे आहेत.

ज्यांच्या जमिनीवर आमचं नवं गाव बसलं त्यांचं कुणी नाव घेत नाही. त्यांनी जमिनी दिल्या, मावेजा तेव्हाच्या भावानं मिळाला, काहींची पोरं आज आमच्याच गावात रोजानं येतात. माकणीचं धरण झालं तेव्हा ज्यांची काळी पाण्याखाली गेली त्यांचंही तसंच. नोकरीत भूकंपग्रस्ताला दोन टक्के, प्रकल्पग्रस्ताला पाच टक्के समांतर आरक्षण आहे. आजोबांच्या नावाचं पिवळं पडलेलं प्रमाणपत्र लॅमिनेट करून घेऊन पोरं माझ्याकडं येतात. जागा निघतात मोजक्या, फॉर्म भरणारे जिल्हाभर. फॉर्मची फी मात्र वेळेवर जाते.

तर हा दुसरा मुद्दा. कबाले वारसांच्या नावे करण्यासाठी गावोगाव शिबिर घ्यावं, वाढीव कुटुंबांना जागा द्यावी. साधी मागणी आहे.

मी प्रिंट काढणार तेवढ्यात बाकड्यावर बसलेले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "तिसरा मुद्दा टाक. शांतता."

सगळे हसले. एक जण म्हणाला, "गुरुजी, शांततेचं निवेदन पोलीस ठाण्यात देतात, गणपतीच्या आधी." दुसरा म्हणाला, "आपल्याकडं काय झालंय? समदं शांतच हाय की."

गुरुजी म्हणाले, "शांत हाय म्हणूनच टाक. पेटल्यावर आमदार बी येत नाही आणि आला तर बोलत नाही."

मंडळी, मी तेव्हा हसलो नाही. का ते सांगतो. हे लिहावं की नाही याचा चार दिवस विचार केला.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस आपल्या जिल्ह्यात संचारबंदी लागली होती ते आठवत असेल. उमरगा तालुक्यात तुरोरीजवळ कर्नाटकची बस जळाली. एसट्या बंद, नेट बंद होईल अशी अफवा. त्यानंतरच्या वर्षभरात, लोकसभेच्या आसपास, मोबाईलवर एक मेसेज फिरत होता. अमुक समाजाच्या दुकानातून काही घेऊ नका, अमुकांना कामाला लावू नका. आपल्या तालुक्यातला नव्हता, बाहेरून आला होता. मी मराठा आहे. माझ्या मनातही राग होता, अंतरवालीचा लाठीमार मीही पाहिला होता. मी तो मेसेज दोन ग्रुपवर पुढं पाठवला. एका ग्रुपवर अण्णांचा मुलगा होता.

अण्णा म्हणजे तेच, ज्यांनी मला काढलं. ते ओबीसीतले. कुठल्या जातीचे ते सांगत नाही, कारण जात सांगितली की पोस्टचा विषयच बदलतो.

कुणी भांडलं नाही. मुलानं ग्रुप सोडला. अण्णा पुढचे आठ-नऊ महिने माझ्या सेंटरवर आले नाहीत. पेन्शनचा हयातीचा दाखला दरवर्षी मी काढून द्यायचो, त्या वर्षी ते उमरग्याला एसटीनं गेले. सत्तरीच्या पुढचा माणूस, पंचवीस-तीस किलोमीटर, एका अंगठ्यासाठी. मला हे त्यांच्या सुनेनं बाजारात सांगितलं. तेही रागानं नाही, सहज.

माझ्या सेंटरमध्ये एकच खुर्ची आहे कॉम्प्युटरसमोर. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला, त्यानंतर त्या खुर्चीवर सकाळी मराठा पोरगा बसतो, कुणबी नोंद शोधायला. दुपारी ओबीसी पोरगा बसतो, त्या निर्णयाविरुद्धचं निवेदन टाईप करायला. संध्याकाळी तांड्यावरचा बंजारा पोरगा येतो, त्याच गॅझेटचा आधार घेऊन एसटीत घाला म्हणून. तिघंही वीस-बावीसचे, तिघांच्याही बापाचं सोयाबीन चार हजारानं गेलेलं, तिघंही पोलीस भरतीची तयारी करतात. आरक्षणावर माझं मत आहे, ते मी बदललेलं नाही आणि ते इथं मांडतही नाही. पण एवढं दिसतं, की जागा थोड्या आणि पोट हातावर असलं की मोबाईलवरचा एक मेसेज पुरतो. हा मुद्दा विधानसभेचा नाही तर कुणाचा? बहिष्काराचे मेसेज फिरले तेव्हा किती सदस्य सभागृहात त्यावर बोलले? बोलले तर आपापल्या समाजाकडून बोलले. आमदार सगळ्या मतदारसंघाचा असतो ना.

गुरुजींनी त्या दिवशी हिप्परग्याची आठवण काढली. रव्याचं हिप्परगा, आपल्याच तालुक्यातलं. १९२१ साली तिथं राष्ट्रीय शाळा निघाली. निजामाच्या राज्यात, खेड्यात. तिथं व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक आले. त्याआधी ते कामगार पुढारी ना. म. जोशींचे सचिव होते. तेच पुढं स्वामी रामानंद तीर्थ. मुक्तिसंग्रामाचे पुढारी म्हणून १७ सप्टेंबरला आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. पण ते पुढं दोनदा लोकसभेतही होते, १९५२ ला गुलबर्ग्याहून आणि १९५७ ला औरंगाबादहून, हे पोरांना विचारलं तर सांगता येत नाही.

त्या लढ्यात काय होतं बघा. लेव्ही देऊ नका. आमचे पणजोबा सांगायचे म्हणे, रास मळ्यात असतानाच लेव्हीचं माप व्हायचं. सरहद्दीवरचे करोडगिरीचे नाके उठवा, कारण माल इकडून तिकडं नेला की कर. म्हणजे शेतकऱ्याच्या अंगावरचा कर. रझाकारांच्या भयानं गावं सोडून सोलापूर-बार्शीकडं गेलेली माणसं. म्हणजे विस्थापित. आणि मग सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन झाल्यावर उलटं झालं. आपल्याच जिल्ह्यात मुसलमानांची घरं लुटली गेली, माणसं मारली गेली, बायका-पोरं रानोमाळ झाली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं तेव्हा फिरून अहवाल दिला, त्यात सगळ्यात जास्त हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव आहे. कितीतरी दशकं तो अहवाल लोकांपुढं आलाच नाही. रझाकारांचं आपण दरवर्षी बोलतो, बोललंच पाहिजे. ह्या दुसऱ्याचं घरातली म्हातारी माणसं दार लावून बोलायची. गुरुजी म्हणाले, "माझ्या वडिलांनी दोन कुटुंबं कडब्याच्या गंजीत लपवली होती. वडील कधी कुणाला बोलले नाहीत. चांगलं केलं हेसुद्धा बोलायची चोरी."

गुरुजींच्या डोक्यात हे तीन मुद्दे वेगळे नव्हते. मला ते टाईप करताना समजलं. कर वसूल झाला, घर गेलं, आणि मग शेजाऱ्यावर राग निघाला, असा तो क्रम आहे.

मग तिसरा मुद्दा असा लिहिला: "मतदारसंघात सामाजिक बहिष्काराचे व द्वेषाचे संदेश पसरवले गेल्यास, ते कोणत्याही समाजाचे वा पक्षाचे असोत, लोकप्रतिनिधींनी चोवीस तासांच्या आत सर्व समाजांच्या लोकांना एकत्र बसवावे, व याबाबत सभागृहात शासनाचे धोरण विचारावे." 'चोवीस तास' गुरुजींनी घालायला लावलं. 'कोणत्याही पक्षाचे' मी घातलं. एकानं कुरकुर केली की मोठं वाक्य आहे, आमदार वाचणार नाहीत. असू दे मोठं.

परवा दुपारी अण्णा आले. यंदाचा हयातीचा दाखला उमरग्याहून काढला होता, पण बँकेत अडकला होता, म्हणून. मी आधी अंगठा घेतला. बोटं तशीच आहेत, दोन नखं वाकडी. मशीन तिसऱ्यांदा घेतलं. मग मी म्हणालो, "अण्णा, तो मेसेज मीच पाठवला होता. चुकलं माझं."

अण्णा म्हणाले, "ठावं हाय." मग थोड्या वेळानं, "तुझ्या आजोबाचा कबाला झाला का?"

"नाही."

काउंटरवर निवेदन होतं. चष्मा नव्हता, मला वाचायला लावलं. तिन्ही मुद्दे ऐकले. म्हणाले, "आयात तेलाचं टाकलं का? भाव त्येच्यानंच पडतो." मी म्हणालो, पहिल्या मुद्द्यात आहे. "मग ठीक." सही करता येते त्यांना, तरी वेळ लागतो. पूर्ण नाव लिहिलं, खाली गावाचं नाव, कंसात 'पुनर्वसित'.

निवेदन अजून आठ दिवस सेंटरच्या काउंटरवर आहे, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. आतापर्यंत एकशे बारा सह्या झाल्यात. दोघांनी तिसरा मुद्दा खोडून सही केली, तीही ठेवलीय. कबाल्याची अडचण असेल त्यांनी जुन्या पावतीची, घर क्रमांकाची झेरॉक्स आणा, वेगळी यादी करतोय. त्या झेरॉक्सचे पैसे घेणार नाही.